अडेसान्या विरुद्ध परेरा, रविवारी सकाळी: तीनदा हरलेला चौथ्यांदा जिंकू शकतो का?

नवखा_पुणेकर
गुरुवार, ६ एप्रिल २०२३, दुपारी २:१०

मंडळी एक प्रश्न आहे आणि जरा सविस्तर उत्तर हवंय. मी एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) बघायला लागलो ते फेब्रुवारीत अंशुल जुबलीने रोड टू यूएफसीची, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या लीगमधे जायच्या स्पर्धेची, फायनल मारली तेव्हापासून, त्याआधी मला मॅकग्रेगर आणि खबीब सोडून नावंही माहीत नव्हती. आता येत्या रविवारी यूएफसी २८७ आहे मायामीला, मिडलवेटचं टायटल, अ‍ॅलेक्स परेरा चॅम्पियन आणि इस्रायल अडेसान्या म्हणजे इझी चॅलेंजर. आमच्या जिममधल्या सगळ्या पोरांचं एकच म्हणणं, परेरा इझीला तीनदा भेटला आणि तीनदा जिंकला, दोनदा किकबॉक्सिंगमधे आणि एकदा यूएफसीत, मग यात विचार करण्यासारखं राहिलंच काय.

पण मी काल रात्री नोव्हेंबरची फाईट म्हणजे यूएफसी २८१ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली आणि मला हे काही पटेना. चार राऊंड संपले तेव्हा तिन्ही जजेसच्या कार्डावर इझी ३९-३७ ने पुढे होता. पहिल्या राऊंडच्या शेवटी तर त्याने परेराला असा हलवला की भोंगा वाजला म्हणून वाचला, अजून दहा सेकंद मिळाली असती तर टायटल वाचलंच होतं. तिसऱ्यात खाली पाडून दाबून धरलं. आणि मग पाचव्यात दोन मिनिटं झाली आणि केजपाशी उभ्या उभ्या मार खाल्ला, रेफ्रीने थांबवली, संपलं. म्हणजे जवळपास बावीस मिनिटांच्या फाईटमधे बराचसा वेळ हरलेला माणूसच चांगला खेळत होता. मग रिमॅचचा अंदाज बांधताना धरायचं काय, निकाल की ती मिनिटं? आणि सहा-सात वर्षांपूर्वीच्या किकबॉक्सिंगच्या मॅचेस धरायच्या का? शेवटी त्याच्या पायाला नक्की काय झालं होतं तेही कोणीतरी सांगा, कॉमेंटेटर सारखे पायाबद्दल बोलत होते आणि मला नीट कळलं नाही.

---

ठाण्याचा_स्ट्रायकर
गुरुवार, ६ एप्रिल, दुपारी ४:३५

मी परेरा म्हणतोय आणि कारण सांगतो, नुसतं ३-० म्हणून नाही.

किकबॉक्सिंगच्या मॅचेस धरायच्याच, पण निकालासाठी नाही तर त्यात काय काय घडलं त्यासाठी. पहिली एप्रिल २०१६ ची, चीनमधे शेनझेनला, परेरा पॉईंटवर जिंकला, जवळची मॅच होती आणि इझी जिंकला असं म्हणणारे आजही भरपूर आहेत. दुसरी मार्च २०१७, साओ पावलो. त्यात दुसऱ्या राऊंडला इझीने परेराला इतका मारला की रेफ्रीला मॅच थांबवून परेरासाठी आठपर्यंत मोजावं लागलं, आणि तिसऱ्यात एक लेफ्ट हूक (बाजूने वळून येणारा डावा पंच) आला आणि इझी थेट आडवा. आता ही २०१७ ची मॅच आणि नोव्हेंबरची मॅच शेजारी शेजारी ठेवून बघ. दोन्हीत इझी पुढे, दोन्हीत परेरा हलला, दोन्हीत परेरा उभा राहिला आणि नंतर सगळं संपवलं. एकदा झालं तर नशीब म्हणू, पाच वर्षांच्या अंतराने, वेगळ्या खेळात, लहान ग्लोव्हज घालून पुन्हा तेच झालं तर त्याला कारण असतं.

ते कारण असं आहे. दोघंही उजव्या हाताचे, डावा पाय पुढे. परेराचा डावा हात म्हणजे समोर उभ्या असलेल्या इझीची उजवी बाजू. त्या हूकपासून लांब राहायचं तर इझीला स्वतःच्या डावीकडे सरकत राहावं लागतं, आणि तिकडे सरकला की परेराचा उजवा पाय तयारच असतो, ती किक थेट इझीच्या पुढच्या पायाच्या पोटरीवर बसते. किक टाळायला उजवीकडे गेला की हूक. म्हणून नुसतं 'हूकपासून सांभाळ' हा सल्ला कामाचा नाही, दोन दारं आहेत आणि दोन्ही दारांत तोच उभा आहे.

पायाचं विचारलंस ना, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाला लागून एक नस जाते, पेरोनिअल नर्व्ह, तिथे वर मांस फार नसतं. नीट किक बसली की पाऊल वर उचलायची ताकद जाते, माणूस पाय टाकतो आणि पाऊल मुडपतं. फाईटनंतर इझी स्वतः म्हणाला की त्या नसेवर परिणाम झाला होता. म्हणजे पाचव्या राऊंडला तो पळू शकत नव्हता आणि त्याचं सगळं डिफेन्स पायांवर चालतं, डोकं मागे नेऊन पंच चुकवणं, बाजूला सरकणं, सगळं. पाय गेला की तो केजला चिकटला आणि मग काय झालं ते तू बघितलंच आहेस. हे अपघाताने झालेलं नाही, चार राऊंड पोटरीवर मारून मारून परेराने पाचवा राऊंड तयार केला.

आणि परेराचा हूक दिसत नाही ही खरी गोष्ट आहे. गेल्या जुलैत शॉन स्ट्रिकलंडला मारलं ते बघ, आधी पोटात जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच), स्ट्रिकलंडचे हात थोडे खाली आले, त्याच हाताने वरून हूक. पहिल्याच राऊंडला खलास.

माझा अंदाज: परेरा, तिसऱ्या किंवा चौथ्या राऊंडला, टीकेओ (मार बघून रेफ्री थांबवतो ते).

---

शाहूपुरी_तालीम
गुरुवार, ६ एप्रिल, रात्री ९:५०

आज हनुमान जयंती, गावात कुस्त्यांचं मैदान होतं, आत्ता घरी आलो म्हणून उशिरा लिहितोय. ठाणेकरांनी उभ्या फाईटचं बरोबर सांगितलंय पण तुम्ही सगळे तिसऱ्या राऊंडकडे दुर्लक्ष का करताय ते मला समजत नाही बघा. परेरा कुस्तीत कच्चा आहे. एमएमएतली त्याची एकुलती एक हार २०१५ ची, पहिलीच फाईट, मागून गळा आवळून घेतला आणि टॅप करायला लागलं. त्यानंतर तो माजी लाईट हेवीवेट चॅम्पियन ग्लोव्हर टेशेराकडे सराव करायला लागला, सुधारला, मान्य आहे, पण तिसऱ्या राऊंडला इझीसारख्या माणसाने, ज्याला कुस्तीवाला असं कोणी म्हणत नाही, त्याने त्याला खाली घेतला आणि बराच वेळ उठू दिला नाही.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या, आपल्याकडं कुस्तीत पट काढला, पाठ टेकवली की कुस्ती झाली. केजमधे पट काढणं म्हणजे नुसती सुरुवात आहे, त्यानंतर धरून ठेवायचं, मारायचं, आणि स्वतःचा दम राखायचा. परेरा लई मोठ्या अंगाचा आहे, त्याला दाबून धरायला इझीला जो दम लागला तो पाचव्या राऊंडला कमी पडला असं माझं स्पष्ट मत आहे. पायाबद्दल सगळे बोलतात, दमाबद्दल कोणी बोलत नाही.

म्हणून मी म्हणतो इझीने टेकडाऊन (खाली पाडणं) करावेत, पण राऊंड संपायला दीड मिनिट राहिलं की करावेत, राऊंड पदरात पडतो आणि दमही जात नाही. दुसरं म्हणजे सारखं खाली वाकून दाखवायचं, पायाला हात लावायचा, म्हणजे परेराचं लक्ष पायाकडं जाईल, हात खाली येतील, मग वरनं मारायला जागा मिळते. पैलवान हे रोज करतात, दाखवायचा एक डाव आणि टाकायचा दुसरा.

इझी जिंकेल, पॉईंटवर. असं केलं तर. नाही केलं तर मला विचारू नका.

---

मिलिंद_ऑकलंड
शुक्रवार, ७ एप्रिल, सकाळी ६:२०

इथे ऑकलंडमधे ईस्टरचा रविवार आहे, मेन कार्ड आमच्याकडे दुपारी दोनला सुरू होतं, तुमच्याकडे सकाळी साडेसातला. इझीचा जन्म नायजेरियात लागोसचा, पण किकबॉक्सर झाला तो न्यूझीलंडमधे आणि सिटी किकबॉक्सिंग ही त्याची जिम इथलीच, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो. तरी पण जे लिहितोय ते विचार करून लिहितोय.

मूळ प्रश्न चांगला आहे, निकाल धरायचा की मिनिटं. मी यापेक्षा वेगळा प्रश्न विचारतो, जो हरला त्याचं जे बिघडलं ते दुरुस्त होण्यासारखं आहे का? काही गोष्टी होत नाहीत. समोरचा तुमच्यापेक्षा वेगवान असेल, तुमची हनुवटी गेली असेल, वय झालं असेल, तर शंभर रिमॅच द्या. होसे आल्डो आणि मॅक्स हॉलोवे आठवा, २०१७ च्या जूनमधे तिसऱ्या राऊंडला टीकेओ, डिसेंबरमधे रिमॅच, पुन्हा तिसऱ्या राऊंडलाच टीकेओ. सहा महिन्यांत आल्डोकडे नवीन काही आणायला नव्हतं. पण काही गोष्टी होतात. अमांडा नुनेस डिसेंबर २०२१ मधे जुलियाना पेन्याकडून हरली तेव्हा सगळं जग हादरलं, रिमॅचला ती चक्क डावखुऱ्या स्टान्समधे उतरली, पेन्या ज्या जॅबवर आधी खेळली होती तो कोनच राहिला नाही आणि नुनेसने पाचही राऊंड घेतले. मिओचिच तर २०१९ ला कॉर्मिएविरुद्ध रिमॅच चालू असतानाच मधे शिकला, तीन राऊंड मागे पडत होता, चौथ्यात त्याला कळलं की कॉर्मिएची कोपरं वर आहेत आणि बरगड्या उघड्या आहेत, मग डावा हूक पोटात, पुन्हा पोटात, पुन्हा पोटात, आणि शेवटी वरून.

इझीचं काय बिघडलं होतं? हात कमी पडले नाहीत. डोळा कमी पडला नाही. पुढचा पाय मार खात राहिला आणि तो पाठीमागे केजला लागला की तिथून बाहेर न पडता हात वर घेऊन उभा राहिला. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. किक येताना पाय थोडा बाहेर वळवून नडगी पुढे करायची, किंवा किक घ्यायची पण त्याच क्षणी उजवा सरळ मारायचा म्हणजे पुढच्या वेळी मारणारा विचार करतो. कोच युजीन बेअरमन या असल्या गोष्टींवर महिनोन्महिने काम करणारा माणूस आहे. आणि केजला लागल्यावर नुसतं झाकून घ्यायचं नाही, तिथून परत मारायचं.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते ती लिहितो. इझीने याआधी यूएफसीत दोन रिमॅच खेळल्या, मार्विन व्हेटोरीशी २०२१ ला आणि रॉबर्ट व्हिटेकरशी २०२२ ला, दोन्ही जिंकला, पण दोन्हीत पहिली मॅचही तोच जिंकलेला होता. म्हणजे बदल करून यायची जबाबदारी समोरच्यावर होती. व्हिटेकर खरंच बदलून आला होता, पहिल्या वेळेस रागाने धावून गेला आणि दुसऱ्याच राऊंडला नॉकआऊट झाला, दुसऱ्या वेळी संयम, जॅब, मधेच टेकडाऊन, आणि खूप जवळची मॅच केली. तरी हरला. आता पहिल्यांदाच यूएफसीत इझी त्या खुर्चीत बसलाय आणि यावेळी बदलून त्याला यायचंय.

तरी मी इझी म्हणतो. नॉकआऊट म्हणायचं धाडस होत नाही, पण मनातून तेच वाटतंय.

---

ठाण्याचा_स्ट्रायकर
शुक्रवार, ७ एप्रिल, सकाळी ११:०५

मिलिंदराव, तुमची उदाहरणं बरोबर आहेत पण सगळ्यात जवळचं उदाहरण तुम्ही सोडलंत, तीनच आठवडे झालेत त्याला. गेल्या ऑगस्टमधे वेल्टरवेट चॅम्पियन कमारू उस्मान लिऑन एडवर्ड्सविरुद्ध सरळ सरळ पुढे होता, पाचव्या राऊंडचं एक मिनिटसुद्धा राहिलं नव्हतं आणि डोक्यावर लाथ बसली. सगळे काय म्हणाले? लकी किक, पुन्हा लावा, उस्मान सहज जिंकेल. १८ मार्चला लंडनमधे लावली, एडवर्ड्स जिंकला, आणि लाथेने नाही तर पॉईंटवर जिंकला, केजची जाळी धरली म्हणून एक पॉईंट कापला गेला तरी जिंकला. कारण 'लकी' म्हणवला गेलेला माणूसही घरी जाऊन शिकतो. त्याला आता माहीत असतं की समोरच्याला आपण पाडू शकतो, आणि समोरच्यालाही ते माहीत असतं.

तुम्ही सगळे फक्त इझी काय बदलेल ते बोलताय. परेराची यूएफसीतली ही फक्त पाचवी फाईट आहे, नोव्हेंबर २०२१ ला पहिली झाली. एमएमएत तो अजून शिकतोय, म्हणजे पाच महिन्यांत सुधारायला जास्त जागा त्याच्याकडे आहे. इझीची यूएफसीतली सगळी वर्षं टेपवर आहेत.

---

मिलिंद_ऑकलंड
शुक्रवार, ७ एप्रिल, दुपारी १२:४०

मुद्दा मान्य, पण एडवर्ड्स आणि उस्मानमधे उस्मानचे गुडघे आणि वयही होतं. इझी ३३ चा आहे, परेरा ३५ चा. आणि 'समोरच्याला माहीत असतं' हे दोन्हीकडून लागू आहे, इझीने परेराला २०१७ ला हलवलंय आणि नोव्हेंबरलाही हलवलंय. परेराची हनुवटी दगडाची नाहीये, तो सावरतो पटकन एवढंच.

---

नवखा_पुणेकर
शुक्रवार, ७ एप्रिल, रात्री ८:१५

बापरे, इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. दोन दारांचं ठाणेकर दादांनी सांगितलं ते वाचून मी पुन्हा तीच फाईट लावली आणि खरंच इझी डावीकडे सरकला की प्रत्येक वेळी किक येते, आधी हे दिसलंच नव्हतं मला.

अजून एक. आज दोघांचंही वजन बसलं असं वाचलं. परेरा म्हणे एरवी शंभर किलोच्या आसपास असतो आणि १८५ पाऊंड म्हणजे चौऱ्याऐंशी किलोला उतरतो. याचा फाईटवर परिणाम होतो का? की एका रात्रीत पाणी पिऊन सगळं परत येतं?

---

नाशिक_ग्रॅपलर
शुक्रवार, ७ एप्रिल, रात्री १०:३०

वजनाचं मी सांगतो, स्पर्धांसाठी वजन उतरवलेलं आहे आणि पोरांचं उतरवूनही घेतलंय.

शेवटच्या काही दिवसांत जे वजन जातं ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. मीठ बंद, मग गरम पाण्याच्या टबमधे बसणं, घाम काढणं. वजनकाटा फाईटच्या आदल्या दिवशी सकाळी, टायटल फाईटला तर एक पाऊंडाचीही सूट नाही. त्यानंतर जवळपास दीड दिवस मिळतो. स्नायूंमधे पाणी बऱ्यापैकी परत येतं. अंगाचं वजन परत येतं. पण मेंदूच्या भोवती जे द्रव असतं ते तितक्याच लवकर पूर्ववत होतं याची खात्री कोणी देत नाही, आणि म्हणून खूप पाणी तोडून आलेल्या माणसाला डोक्यावरचा मार जास्त लागतो असं आमच्या खेळातले बहुतेक कोच मानतात. मीही मानतो, माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

परेरा ग्लोरी या किकबॉक्सिंग लीगमधे मिडलवेट आणि लाईट हेवीवेट दोन्हीचा चॅम्पियन होता, म्हणजे ९५ किलोला तो आरामात खेळत होता. दीड वर्षाच्या आत पाचव्यांदा तो १८५ ला येतोय, वय वाढतंय, प्रत्येक वेळी शरीर कमी ऐकतं. मला पाचव्या राऊंडपेक्षा पहिल्या दोन राऊंडची जास्त काळजी वाटते, त्याला नेटका बसलेला पहिला मोठा पंच तो कसा घेतो ते बघा. मोठ्या अंगाचा फायदा आहेच, क्लिंचमधे (एकमेकांना धरून झुंजताना) आणि हूकच्या ताकदीत तो दिसतो, पण किंमत द्यावी लागते.

माझा अंदाज लिहायचा तर इझी, आणि लवकर. आणि नवख्या, तुझ्या जिममधे कोणी स्पर्धेसाठी इंटरनेटवर बघून एकट्याने पाणी तोडत असेल तर त्याला थांबव. यात जीव गेलेले आहेत.

---

शाहूपुरी_तालीम
शनिवार, ८ एप्रिल, सकाळी ७:४५

नाशिककरांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी दोनदा वाचा. आमच्याकडंही वजनगटाच्या कुस्तीला पोरं जाडे कपडे घालून उन्हात पळतात, वस्ताद नसताना. लई धोक्याचं आहे ते.

---

नवखा_पुणेकर
रविवार, ९ एप्रिल, सकाळी १०:४०

अरे काय झालं हे!!!! दुसऱ्या राऊंडला!! मी घरातल्या सगळ्यांना उठवलं ओरडून. मला वाटलं संपलं आता, परेराने केजला दाबला होता, धडाधड मारत होता, मी मनात म्हणत होतो नोव्हेंबरचंच पुन्हा होतंय, आणि एका क्षणात परेरा खाली. मला अजूनही नीट समजलं नाहीये कोणता पंच कुठून आला, कोणीतरी समजावून सांगा प्लीज.

---

ठाण्याचा_स्ट्रायकर
रविवार, ९ एप्रिल, दुपारी १२:२०

स्लो मोशनमधे पुन्हा पुन्हा बघितलं, सांगतो. दुसऱ्या राऊंडची ४ मिनिटं २१ सेकंद, अधिकृत वेळ.

परेरा तेच करत होता जे त्याने आधी केलं, पोटरीवर किक, पुढे चालत राहणं, जागा कमी करणं. पायाला लागत होतं, इझी मागे सरकत केजला लागला. परेराने हात सुरू केले, इझी दोन्ही हात वर घेऊन झाकून उभा. परेराला वाटलं हा गेला, आणि मोठा शेवट करायला त्याने गुडघा मारायला घेतला. गुडघा मारताना माणूस एका पायावर असतो आणि त्याचे हात खाली आले होते, हनुवटी समोर उघडी. इझीचा उजवा वरून वळून आला, थेट जबड्यावर. परेरा हलला, लगेच दुसरा उजवा, परेरा पडत असतानाच, आणि खाली पडल्यावर वरून एक हातोडा. रेफ्री मधे आला.

नोव्हेंबरच्या आणि आजच्या मॅचमधे नेमका फरक त्या दोन सेकंदांत आहे. तेव्हा केजला लागल्यावर इझी नुसता झाकत राहिला होता, आज झाकताना त्याचे डोळे उघडे होते. फोटो बघा, तो हातांच्या मधून परेराकडे बघतोय, वाट बघतोय. मिलिंदरावांनी 'तिथून परत मारायचं' लिहिलं होतं ते अक्षरशः झालं. आणि मी ज्याला परेराची सगळ्यात मोठी ताकद म्हणत होतो, समोरच्याला कोपऱ्यात घालून संपवणं, तिथेच तो सापडला, कारण आधी ते जमलं होतं म्हणून त्याने घाई केली.

---

शाहूपुरी_तालीम
रविवार, ९ एप्रिल, दुपारी १:०५

ह्याला म्हणतात तोड. समोरच्याचा हुकमी डाव कुठला आहे ते माहीत असेल तर तो डाव टाळत बसायचं नाही, त्याला तो टाकू द्यायचा आणि अर्ध्यात धरायचा. त्याला काळीज लागतं, कारण एक क्षण चुकला की तुम्हीच गेलात. मी टेकडाऊन टेकडाऊन करत होतो, त्याने त्याशिवायच करून दाखवलं, आनंद झाला मला. जिच्यापायी माणूस सहा वर्षं झोपला नसेल ती गोष्ट आज त्याने स्वतःच्या हाताने मिटवली.

ते जिंकल्यावर बाण मारल्यासारखं केलं ते समजलं, परेरा स्वतः येताना बाण मारतो म्हणून. पण परेराच्या लहान पोराकडे बघून आडवं पडून दाखवलं ते कशासाठी? ते मला काही आवडलं नाही.

---

मिलिंद_ऑकलंड
रविवार, ९ एप्रिल, दुपारी २:३०

त्याला इतिहास आहे. २०१७ ला साओ पावलोमधे इझी नॉकआऊट झाला तेव्हा परेराचा मुलगा रिंगमधे आला आणि त्याच्या शेजारी तसाच आडवा पडून दाखवला होता, अगदी लहान होता तेव्हा. इझीच्या मनात ते राहिलं होतं. पण मी तुमच्याशी सहमत आहे, मूल ते मूल, मोठ्या माणसाने सोडून द्यायला हवं होतं. नंतर माईकवर तो जे बोलला, आयुष्यात एकदा तरी इतका आनंद तुम्हाला मिळावा असं काहीसं, ते जास्त लक्षात राहावं असं मला वाटतं. इथे पबमधे अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.

नाशिककर, तुमचं 'लवकर' बरोबर आलं. वजनामुळेच झालं असं म्हणाल का?

---

नाशिक_ग्रॅपलर
रविवार, ९ एप्रिल, दुपारी ४:१०

नाही म्हणणार. तो पहिला उजवा जसा बसला तसा बसला की कुठल्याही वजनाचा, भरपूर पाणी प्यालेला माणूसही पडतो. वजनाने थोडाफार फरक पडला असेल, पण श्रेय त्या पंचाचं आणि त्याआधीच्या थांबण्याचं आहे.

परेराने मात्र आता २०५ पाऊंडाला म्हणजे लाईट हेवीवेटला जावं असं मला मनापासून वाटतं. तिथे त्याला शरीर मारून खेळावं लागणार नाही आणि त्याचा तो डावा हात तिथेही तितकाच चालेल. एमएमएत आता १-१ झालंय, लोक तिसरी मागणार, पण १८५ ला नको.

---

नवखा_पुणेकर
रविवार, ९ एप्रिल, संध्याकाळी ६:००

मग तिसरी २०५ ला झाली तर कोण? इझी तिथे ब्लाहोविचकडून हरलाय ना २०२१ ला?

---

ठाण्याचा_स्ट्रायकर
रविवार, ९ एप्रिल, संध्याकाळी ७:२५

हो, यूएफसी २५९, पॉईंटवर हरला, शेवटच्या दोन राऊंडला ब्लाहोविचने खाली पाडून दाबून धरला. २०५ ला परेरा आणि इझी झाली तर मी पुन्हा परेराच म्हणेन, तिथे तो ताजा असेल आणि इझी अंगाने हलका पडेल. पण त्याला वेळ आहे. तू आधी पुढच्या रविवारची हॉलोवे आणि अर्नोल्ड अ‍ॅलन बघ, आणि बघताना हॉलोवेच्या हातांऐवजी अ‍ॅलनचे पाय कुठे पडतात तिकडे लक्ष ठेव. त्याचा वेगळा धागा मी बुधवारी काढतो.